चोरीच्या पार्टला गिऱ्हाईक कोण?

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या ढोकीत दुचाकी रात्रभर उघड्यावर उभी राहण्याला कारणे पुष्कळ आहेत. तेरणा साखर कारखाना याच गावात. मधली कित्येक वर्षे बंद राहून तो पुन्हा सुरू झाला आणि गाळपाच्या हंगामात तिथली वर्दळ रात्रीही थांबत नाही. रेल्वे स्टेशन आहे. लातूरला किंवा कुर्डुवाडीकडे जाणारा माणूस गाडी बाहेर लावून जातो. शेजारी तेर आहे. गोरोबाकाकांच्या चैत्री यात्रेत रस्त्याच्या कडेने दुचाक्यांच्या रांगा लागतात. अशा जागेवरून अख्खी गाडी नेणे चोराला जोखमीचे असते, कारण नंबर दिसतो, हँडल लॉक मोडावे लागते, आवाज होतो. बॅटरी, ईसीयू, आरसे किंवा कार्ब्युरेटर मात्र साध्या पान्याने सुटतो आणि पिशवीत मावतो. सायलेन्सरलाही दोन-तीन नटच धरून असतात.

यावर मालकाला द्यायचे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत: उजेडात लावा, साखळी लावा, अलार्म बसवा. हे मासिक मालकांसाठी नाही, मिस्त्रींसाठी आहे. म्हणून प्रश्नही आपल्यालाच विचारला पाहिजे. चोरलेला पार्ट शेवटी कुठे बसतो?

त्याला बाजार दोनच. भंगारवाला वजनावर घेतो. बॅटरीत शिसे किती आणि रिममध्ये अ‍ॅल्युमिनियम किती, एवढेच तो पाहतो. गॅरेजवाला तोच पार्ट ‘चालू माल’ म्हणून घेतो आणि भंगाराच्या कितीतरी पट पैसे मोजतो. या दोन भावांतला फरक हीच चोराची खरी कमाई, आणि ती आपल्या धंद्यातून जाते. गॅरेजने हात आखडला तर उरतो तो भंगाराचा भाव. त्यासाठी रात्रीचा धोका पत्करणारे थोडेच.

याला अपवाद सायलेन्सरचा. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 लागू झाले आणि सायलेन्सरमधल्या, आधीच महाग असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे मोल आणखी वाढले. त्यात पॅलेडियम, रोडियम, प्लॅटिनम असे धातू असतात. महाराष्ट्र-गुजरातेत मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या आतल्या याच ‘माती’पायी. दुचाकीत हा माल थोडा असतो, पण असतो. जुना सायलेन्सर भंगारात टाकताना आणि कुणी विकायला आणला तर घेताना हे लक्षात असू द्या.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घेऊ. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 303 नुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि आरोपीने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्रही ठरते. दुचाकीची बॅटरी किंवा आरशांची जोडी या मर्यादेच्या आतच बसते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोठे नुकसान असले, तरी कायद्याच्या लेखी ती किरकोळ चोरी. घेणाऱ्याची गत वेगळी आहे. कलम 317 प्रमाणे माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेतला किंवा जवळ ठेवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही होऊ शकते. ‘मानायला कारण’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. अनोळखी पोरगा विनापावती, निम्म्याहून कमी किमतीत, नुकताच उघडलेला ईसीयू घेऊन दारात उभा असेल, तर कोर्टात ‘मला काय माहीत’ हे उत्तर टिकवणे अवघड जाईल.

खरेदीच्या बाजूने दाब आला की काय होते, ते मेरठच्या सोतीगंजने दाखवले. चोरीच्या गाड्या खोलून पार्ट विकण्यासाठी हा बाजार देशभर बदनाम होता. 2021 च्या अखेरीस पोलिसांनी तिथल्या व्यापाऱ्यांवरच कारवाई केली आणि दुकाने बंद पडली. चोर तेच होते. माल खपवणारी जागा गेली.

याचा अर्थ जुना पार्ट वापरूच नये असा कुणी घेऊ नये. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात एम-80, राजदूत, जुनी लुना अजून शेतावर जाते. तिचा नवा पार्ट मिळत नाही, आणि मिळाला तरी शेतकऱ्याच्या खिशाला झेपत नाही. जुन्या मालावर चालणारी दुरुस्ती ही आपल्या धंद्याची शानच आहे. दोष जुन्या मालात नाही, बिनकागदाच्या मालात आहे. भंगारात निघालेल्या गाडीची नोंदणी मालकाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रद्द करून घ्यायची असते. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रेही उभी राहत आहेत. अशा गाडीचा पार्ट घेताना कागद मागता येतो, आणि मागायलाच हवा.

अडचण एवढीच की बहुतेक पार्टला ओळख नसते. चेसी आणि इंजिनावर नंबर ठोकलेला असतो. नंबरप्लेटचेही तसेच झाले: 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना आणि आता महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट लागते, तिच्यावर लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि तिचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाही. पार्टवर सूक्ष्म ठिपके फवारून ओळख देण्याच्या तंत्राचा मसुदा केंद्राने 2019 मध्ये काढला. दक्षिण आफ्रिकेने ते नव्या वाहनांना 2012 पासूनच सक्तीचे केले आहे. ढोकीच्या गॅरेजमध्ये मात्र आजच्या आज करता येण्यासारखे बरेच आहे.

पहिले काम, नंबर कोरणे. हातात धरायचे कोरणी मशीन फार महाग नाही. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर, रिमवर, शॉकअपच्या बॉडीवर, बॅटरीच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरून द्या. चेसी आणि इंजिनाच्या मूळ नंबराला चुकूनही हात लावू नका. बॅटरीचा सीरियल नंबर बिलावर लिहा. चोरी झालीच तर तक्रारीत किंमत आणि ओळख दोन्ही त्या बिलातून दाखवता येतील.

दुसरे, बोल्ट. बॅटरीची पट्टी, साइड पॅनेल आणि ईसीयूचे ब्रॅकेट यांना मधे पिन असलेल्या टॉर्क्स डोक्याचे बोल्ट लावा. साधा पाना तिथे फिरत नाही. त्याचा बिट गिऱ्हाइकाच्या टूलकिटमध्ये द्या, नाहीतर वाटेत फ्यूज उडाल्यावर तो तुमच्याच नावाने बोटे मोडेल. सायलेन्सरच्या फ्लँजवर लॉकटाइट लावून उपयोग नाही, तापल्यावर ते सुटते. चाकाच्या अ‍ॅक्सलशी मात्र कसलेही प्रयोग करू नका.

तिसरे, वही. जुना पार्ट घेतला की तारीख, देणाऱ्याचे नाव, मोबाइल, आरसीचा फोटो आणि शक्य तिथे इंजिन नंबर लिहायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीतून निघालेला पार्ट त्याला परत द्यायचा, नाहीतर ‘नको’ अशी त्याची सही जॉब कार्डावर घ्यायची.

चौथे, आपले स्वतःचे अंगण. दुरुस्तीला आलेली गाडी आपल्या ताब्यात असते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी आपण तिची घेतली पाहिजे. रात्री शटरबाहेर राहिलेल्या गाडीची बॅटरी गेली, तर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी ढाल होईल या भरवशावर राहू नका.

पाचवे, विम्याविषयी गिऱ्हाइकाला खरे सांगा. दुचाकीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत अ‍ॅक्सेसरीजची चोरी गाडीसोबतच झाली असेल तरच भरपाई मिळते. नुसत्या अ‍ॅक्सेसरीज गेल्या तर नाही. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या चोरीला काहीच मिळत नाही, आणि जुन्या दुचाक्यांवर पुष्कळदा तेवढाच विमा असतो. विमा देईल या समजुतीत बसलेला माणूस दहा मिनिटांचे कोरीवकाम करून घेत नाही.

यातली बहुतेक कामे पैशाच्या हिशेबानेही जमतात. नंबर कोरणे आणि बोल्ट बदलणे ही सर्व्हिसिंगच्या बिलात मजुरी लावून करायची कामे आहेत. वहीला फक्त शिस्त लागते. ती एकट्याने पाळली तर बिनकागदाचा माल शेजारच्या दारात जाईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून एका गावातल्या, एका बाजारपेठेतल्या सगळ्या मिस्त्रींनी मिळून ठरवावे. ढोकी, तेर, येडशी, मुरूड अशा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांनी येत्या हंगामाआधी एकदा बसावे, पोलिस ठाण्याच्या बीट अंमलदाराला बोलवावे आणि दारावर एकच पाटी लावावी: कागदाशिवाय जुना पार्ट घेतला जाणार नाही. पाटी लावल्यावर ती पाळावी, ही आमची विनंती.