अभ्यासिकेच्या शेजारी वजनं हवीत

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात. माझ्या माहितीतल्या बहुतेक व्यायामशाळांना मात्र सकाळी साडेनऊला कुलूप लागतं. संध्याकाळी त्या पुन्हा उघडतात तेव्हा आत मुलांची एवढी दाटी असते, की परभणी-हिंगोलीहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली एकटी मुलगी दारातूनच मागे फिरते. याच भागातल्या एका जुन्या व्यायामशाळेत मी मुलींना वजनं उचलायला शिकवते. विशीतल्या पोरांच्या मनःस्वास्थ्यावर हल्ली भाषणं, शिबिरं, पोस्टर पुष्कळ होतात. त्यातला थोडा पैसा आणि थोडी जागा वजनांच्या व्यायामाला मिळावी, आणि ती ही मुलं राहतात तिथेच मिळावी, यासाठी हे लिहिते आहे.

या मुलांचा दिवस आधी समजून घ्यायला हवा. खोलीत कॉट बेसिसवर एक खाट, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली नंबर घातलेली खुर्ची. सकाळी सातला बसलेली मुलगी जेवणापुरती उठते आणि रात्री दहा-अकराला खोलीवर जाते. जाहिरात कधी येईल, जागा किती असतील, निकाल कधी लागेल, कोणी न्यायालयात गेलं तर नियुक्ती किती लांबेल, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. वर्षभर मान मोडून वाचलं तरी पूर्वपरीक्षेत दोन गुणांनी कटऑफ हुकला, की हातात काही उरत नाही. घरून फोन येतो तेव्हा सांगायचं काय? गावाकडे जमिनीचा तुकडा विकून किंवा कर्ज काढून पैसे पाठवणारे वडील विचारत नाहीत, पण ते विचारत नाहीत हेच तिला जड जातं. झोप उडते, छातीत धडधडतं, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि त्याबद्दल बोलणं टाळतात.

अशा मुलीला मी पहिल्या दिवशी रॉड देत नाही. एक लाकडी काठी देते, खांद्यावर ठेवायला लावते आणि खुर्चीवर बसल्यासारखी बैठक शिकवते. मग छातीशी डंबेल धरून तीच बैठक. जमिनीवरचं वजन पाठ न वाकवता कंबरेतून उचलणं, म्हणजे डेडलिफ्ट, हा त्यापुढचा धडा. तासन् तास खुर्चीत बसून या मुलींना कंबरेतून वाकायचं म्हणजे काय हेच आठवेनासं झालेलं असतं. पोटात श्वास भरायचा, धरायचा, वजन वर आलं की सोडायचा. महिन्याभरात दहा किलोचा रॉड येतो, मग स्पर्धेत बायका वापरतात तो पंधरा किलोचा. त्यानंतर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट चढतात. एकूण अडीच किलो. बघणाऱ्याला ही वाढ क्षुल्लक वाटेल, पण मी शिकवते त्याचा सगळा गाभा या अडीच किलोंत आहे.

कारण वजन जड झालं की दुसरा विचार करायला जागाच राहत नाही. आठपैकी सहावी बैठक चालू असताना कटऑफ आठवत नाही. तळपाय, गुडघे, श्वास यांतच सगळं लक्ष गुंतलेलं असतं. दुसरं असं, की इथला निकाल त्याच दिवशी लागतो. मागच्या आठवड्यात तीस उचललं होतं, आज साडेबत्तीस उचललं. त्यात मुलाखत नाही, आरक्षणाचा वाद नाही, आणि हा निकाल कोणी पुढे ढकलू शकत नाही. तिसऱ्या प्रयत्नात अपयश आलेली एक मुलगी मैत्रिणीने ओढून आणली म्हणून माझ्याकडे आली होती. सुरुवातीचे कितीतरी दिवस ती ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलली नाही. मी सगळ्यांनाच वही ठेवायला लावते, तशी तीही ठेवायची. एक दिवस ती वही पुढे करून म्हणाली, “ताई, या वर्षात माझा हा एकच आकडा वर गेलाय.”

त्या वाक्याने मी हलले. पण एका मुलीच्या अनुभवावर सार्वजनिक पैसा मागता येत नाही, हेही मला कळतं. म्हणून संशोधन काय सांगतं ते मांडते. २०१८ साली ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात ३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सहभागी झालेली माणसं होती १,८७७. वजनांच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं लक्षणीय प्रमाणात कमी झाली, असा त्याचा निष्कर्ष. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की मनाला झालेला फायदा ताकद किती वाढली यावर अवलंबून नव्हता. म्हणजे जिला जेमतेम रॉड उचलता येतो, तिलाही तो मिळू शकतो. मूल्यमापन करणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं, अशा कडक चाचण्यांत परिणाम कमी दिसला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेलं आहे. याच विषयावर काम करणाऱ्या, आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये चिंतेवर लक्ष केंद्रित करून एक छोटी चाचणी केली. २८ तरुण, आठ आठवडे, आठवड्यातून फक्त दोन दिवस. व्यायाम आपल्या कुठल्याही जिममध्ये चालतात तेच: बैठक, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, लंजेस. व्यायाम करणाऱ्यांची चिंता, आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबलेल्या गटापेक्षा ठळकपणे कमी झाली. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण २०२४ च्या ‘बीएमजे’मधल्या २१८ चाचण्यांच्या आढाव्यातही चालणं-धावणं आणि योगासनांच्या जोडीला वजनांचा व्यायाम नैराश्यावर परिणामकारक ठरलेला दिसतो. त्यातही स्त्रियांना आणि कमी वयाच्या लोकांना वजनांचा फायदा अधिक दिसला. माझ्या सकाळच्या तुकडीत याच दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

मेंदूत नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. झोप सुधारणं, आपल्याला काहीतरी जमतं ही जाणीव, चार माणसांत मिसळणं, शरीरातले रासायनिक बदल, या साऱ्यांचा वाटा असावा. मला रोज दिसते ती झोप. दोन-तीन आठवड्यांत मुली सांगू लागतात की पाठ टेकली की डोळा लागतो.

आपल्याकडे ही गोष्ट मुळीच नवी नाही. जोर, बैठका, मुद्गल, करेला हा सगळा प्रतिकाराचाच व्यायाम. कोल्हापूरच्या तालमी, अमरावतीचं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, कॅप्टन दामल्यांनी १९२४ मध्ये पुण्यात उभं केलेलं महाराष्ट्रीय मंडळ: शरीर घडवणं हे समाजाचं काम आहे, असं मानणारी माणसं इथे होऊन गेली. फक्त बहुतेक तालमींची दारं मुलींना बंद होती. मी स्वतः रॉडला हात लावला तो २००० साली, सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून पदक आणलं त्यानंतर. घरी आजी म्हणाली होती, “वजन उचललंस तर मूल होणार नाही.” इतकी वर्षं झाली, अजून आयांचे फोन येतात, प्रश्न तोच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगतात. गरोदर स्त्रियांसाठीही, काही अडचण नसेल तर, असा व्यायाम त्यांनी सुचवलेला आहे. हे मी त्या आयांना फोनवर शांतपणे समजावून सांगते.

तयारी करणाऱ्यांमध्येही दोन जाती दिसतात. पीएसआय किंवा पोलीस भरतीवाल्यांना मैदानी चाचणी असते. मुलांना ७.२६ किलोचा गोळा, मुलींना ४ किलोचा, शिवाय धावणं. ती मुलं पहाटे मैदानावर असतात, आपसांत भांडतात, हसतात, भूक लागली म्हणून दोन पोळ्या जास्त खातात. राज्यसेवेवाल्यांना मैदानाचे गुण नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे वाया गेलेला तास. ‘ताई, एका तासात एक प्रकरण होतं,’ हे मी सतत ऐकते. पण रात्री तीनपर्यंत जागून सकाळी तेच पान चार वेळा वाचावं लागतं, त्या तासांचा हिशेब कोण ठेवतं?

वजनांचा व्यायाम म्हणजे हल्ली जाहिरातीत दिसतं ते जिम नव्हे, हेही ठामपणे सांगायला हवं. भिंतभर आरसे, मोबाइलवर दंडाचे फोटो, काउंटरवर पावडरचे डबे, आणि ओळख वाढली की कानात सांगितलेली इंजेक्शनं. अशा जागी आधीच खचलेला मुलगा स्वतःला आणखी कमी लेखायला शिकतो. स्टिरॉइडने चिडचिड वाढू शकते आणि ते थांबवल्यावर खोल नैराश्य येऊ शकतं. मनासाठी व्यायामाला आलेल्याला ते देणं हा गुन्हा आहे, असं मी मानते. आमच्याकडे आरसा एकच आहे, पाठ सरळ आहे का ते बघण्यापुरता. खाण्याचं विचारलं तर मी मेसच्या ताटाबरोबर दोन उकडलेली अंडी, नाहीतर मोड आलेली मटकी, फुटाणे, शेंगदाणे सांगते. खिशाला परवडतं ते एवढंच.

आणि वजनं म्हणजे औषधोपचाराला पर्यायही नव्हे. ज्या मुलीचं खाणं सुटलंय, जी जगण्यातून मन काढून घेतल्यासारखं बोलते, तिला मी बैठका सांगत नाही. तिला घेऊन डॉक्टरकडे जाते. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीत बोलता येतं. वही दाखवणारी ती मुलगीही मानसोपचारतज्ज्ञांची गोळी घेते आणि आठवड्यातून तीनदा डेडलिफ्टही करते. दोन्हींत तिला विरोध दिसत नाही, तिच्या डॉक्टरांनाही दिसत नाही.

महापालिका आणि लोकप्रतिनिधी म्हणतील, आम्ही बागाबागांत ओपन जिम बसवली आहेत. ती आजी-आजोबांच्या सांध्यांना हालचाल मिळावी म्हणून ठीक आहेत. पण त्यांतल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवायची सोय नसते. पहिल्या दिवशी जेवढं ढकलता, तेवढंच वर्षाने. स्नायू तिथेच थांबतात, आणि वहीत लिहायला नवा आकडा मिळत नाही. एका ओपन जिमच्या लोखंडाच्या खर्चात रॉड, प्लेट आणि बैठकीचा स्टँड यायला हरकत नाही, फक्त त्यांना छप्पर आणि शिकवणारं माणूस लागतं.

छप्पर आधीच आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व्यायामशाळा सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळ्यांच्या मधले सात-आठ तास कुलपात असतात. दुपारी दोन ते चार ही वेळ अभ्यासिकांमध्ये सगळ्यात वाईट: पोट भरलेलं, पंखा गरम हवा फेकतोय, डोकी पुस्तकावर टेकलेली. ते दोन तास आठवड्यातून तीन दिवस मुलींसाठी आणि तीन दिवस मुलांसाठी उघडावेत. अभ्यासिकेचं ओळखपत्र दाखवलं की प्रवेश मिळावा, शुल्क मेसच्या एका जेवणाइतकं महिन्याला असावं, आणि पहिला महिनाभर कोणीही शिकवणाऱ्याशिवाय रॉडला हात लावू नये. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी एवढंच करावं की व्यायामाला गेलेल्या मुलाची खुर्ची दुसऱ्याला देऊ नये. खुर्ची जाईल या भीतीने कित्येक जण जागचे उठत नाहीत. शिकवायला माणूस मिळत नाही ही सबब मात्र नको. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेले तरुण याच पेठांमध्ये खोल्या करून राहतात. आणि ते येईपर्यंत दुपारची पहिली तुकडी घ्यायला मी तयार आहे.