पन्नास मीटरच्या पलीकडचा खाऊ

जत : सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या जत तालुक्याची ओळख दुष्काळाशी जोडली गेली आहे. टँकर, चारा छावण्या आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हेच येथील बातम्यांचे नेहमीचे विषय. अशा तालुक्यात मुलांच्या स्थूलतेची चर्चा अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. सरकारी आकडेवारी मात्र वेगळे सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१५-१६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील १.९ टक्के मुलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ४.१ टक्क्यांवर गेले. त्याच काळात वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाणही ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले. जुने दुखणे बरे होण्याआधीच नवे दाराशी आले आहे.

ते किती जवळ आले आहे, हे शाळेच्या फाटकाबाहेर दिसते. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेये आदी पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. आदेश योग्यच होता. पण तालुक्याच्या ठिकाणी किती शाळांना उपाहारगृह असते? मधल्या सुटीतील खरे उपाहारगृह म्हणजे रस्त्यापलीकडची टपरी. ही उणीव केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी काही अंशी भरून काढली. अतिरिक्त साखर, मीठ आणि घातक चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास त्यांत मनाई आहे.

पन्नास मीटर म्हणजे मुलाची मिनिटभराची चाल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. शाळेपासून सुमारे १६० मीटरच्या आत फास्ट फूडचे दुकान असेल, तर नववीच्या विद्यार्थ्यांतील स्थूलतेचे प्रमाण ५.२ टक्क्यांनी वाढते. दुकान ४०० मीटरवर असेल तर तसा परिणाम दिसत नाही, असे त्यात आढळले. तेथील दुकान आणि येथील टपरी यांत फरक आहे, हे मान्य. तरीही सुटीची वेळ आणि चालण्याचे अंतर यांचे गणित दोन्हीकडे सारखेच आहे. त्या हिशेबाने आपली मर्यादा तोकडी पडते.

दोष केवळ टपरीवाल्याच्या माथी मारून भागणार नाही. पाच रुपयांचे बंद पाकीट महिनोन्‌महिने टिकते. केळी दोन दिवसांत काळी पडतात. बेताच्या भांडवलावर धंदा करणारा माणूस काय ठेवील, हे उघड आहे. विरोधाभास असा, की जतचे डाळिंब दूरच्या बाजारात जाते आणि शाळेजवळच्या दुकानात मक्याच्या कुरकुरीत नळ्यांच्या माळा लटकतात. टिकाऊपणाच बघायचा तर शेंगदाणे आणि फुटाणेही टिकतात. लहान पाकिटांत, त्याच पाच रुपयांना ते मिळतील अशी व्यवस्था महिला बचत गटांना करता येण्याजोगी आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न उरतोच. नियम मोडणाऱ्यांवर कारवाईचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा आणि त्याचे जिल्हा कार्यालय सांगलीत. तेथून अधिकारी जतला येऊन फाटकापासूनचे अंतर मोजणार, तोवर मधली सुटी संपलेली असते.