किलोमीटरमागे धर्मादा

मोंढ्यातील जुन्या पेढ्यांना धर्मादा खाते अपरिचित नाही. पोते तोलले गेले की पोत्यामागे ठरलेले काही पैसे बाजूला पडत आणि त्यातून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा चालत. मात्र हिंगोलीतील अशाच एखाद्या पेढीवर मुंबईत नोकरी करणारा नातू येऊन म्हणाला, ‘‘आजोबा, मी जानेवारीत अर्धमॅरेथॉन धावणार आहे, हॉस्पिससाठी वर्गणी द्या,’’ तर आजोबांच्या कपाळाला आठी पडणारच. धावणार हा, पैसे आपण का द्यायचे? याच्या घामाने रुग्णाला काय मिळणार? शिवाय तपाचा कधी सौदा करतात काय?

प्रश्न रास्त आहेत, आणि शेवटचा तर फारच.

ही रीत रूढ झाली इंग्लंडात. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात मरणपंथाला लागलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू रुग्णाने सिसिली सॉन्डर्स यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. त्या उभारणार असलेल्या घराला आपली एक खिडकी असावी, एवढीच त्याची इच्छा होती. सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले ते १९६७ मध्ये. खिडकी बसायला एकोणीस वर्षे लागली. आजही तेथील प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून खर्चाचा साधारण तिसरा हिस्साच मिळतो. उरलेला समाजाने उभा करायचा. म्हणून लोक चालतात, धावतात, सायकली हाकतात आणि शेजारीपाजारी मैलामागे अमुक इतके असे कबूल करतात. पोत्यामागे धर्मादा, तसाच हा मैलामागे.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसोझा या कर्करोग शल्यविशारदांनी १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू केले. रुग्णाकडून तेथे पैसे घेतले जात नाहीत. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते आणि अनेक धावपटू तीत आपापल्या पसंतीच्या संस्थेसाठी निधी गोळा करतात. पूर्ण पल्ल्याचे धावपटू सागरी सेतूवरून ज्या वांद्र्यात उतरतात, तेथेच माउंट मेरीच्या परिसरात हे सदन आहे.

हॉस्पिसमध्ये रोग बरा करण्याची खटपट नसते. वेदना थांबवणे, जखम धुणे, पाठीला व्रण पडू न देणे, कोरडे तोंड ओले ठेवणे, रात्री कोणीतरी जवळ बसणे, एवढेच. मॉर्फिनची गोळी महाग नाही; ती जाणतेपणाने देणारा डॉक्टर आणि रात्रंदिवस राबणारे हात महाग. दात्याच्या नावाची पाटी लावावी असे मोठे यंत्र तेथे नसते. देणगी परिचारिकेच्या पगारात जाते आणि महिनाअखेर संपते. म्हणूनच ती मिळणे अवघड.

आपल्याकडील रुग्ण उपचारासाठी नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर थेट मुंबईला जातो. ‘‘आता घरी न्या,’’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो परततो आणि पुढचे आठवडे घरची सून निभावते. कण्हणे थांबवायचे कसे, कुशीवर वळवायचे कसे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. तिची आठवण झाली की नातवाची वर्गणी वेगळी दिसू लागते.

राहिला तपाचा प्रश्न. धावणे हे तप नव्हेच. ते दार ठोठावणे आहे. तीन महिने पहाटे उठून सराव करणारा माणूस आपली निष्ठा तारण ठेवून मागतो, इतकेच. तप असलेच तर ते व्रण धुणाऱ्या हातांचे. वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपात केली आहे. मूळ अर्थ साधूंच्या सेवेचा असला, तरी रुग्णाच्या उशाशी तो परका वाटत नाही.

अर्धमॅरेथॉन २१ किलोमीटर ९७ मीटरची. हिंगोलीहून औंढा नागनाथ गाठण्यापेक्षा जरा कमी. किलोमीटरमागे शंभर धरले तर २,१०० रुपये होतात. दोन हजारांवरील रोख देणगीला आयकरात वजावट मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही. तेव्हा आजोबांनी संस्थेच्या नावे धनादेश लिहावा, पावती मागावी, आणि वरच्या ९७ मीटरांचे दहा रुपये नातवाच्या हातावर ठेवावेत.