शब्दाचा भाव, वाचकाचा गाव

संकेतस्थळाच्या पानावर काय लिहिले आहे ते ओळखून त्याला जुळणारी जाहिरात आपोआप लावली जाते, तिला संदर्भीय जाहिरात म्हणतात. स्थळ चालवणाऱ्याला जाहिरातदार शोधावा लागत नाही, दर ठरवावा लागत नाही की बिलामागे हिंडावे लागत नाही. पानात कोडच्या चार ओळी घातल्या की जाहिरात कंपनीचा एक प्रोग्राम येऊन पान वाचतो आणि त्याचा विषय टिपून ठेवतो. पुढे कोणी ते पान उघडले की त्याच क्षणी त्या जागेचा लिलाव होतो. ज्या जाहिरातदाराची बोली चढी आणि जाहिरात विषयाला धरून, त्याची जाहिरात झळकते. पान पडद्यावर उमटायला लागतो तेवढ्याच वेळात हे सारे उरकलेले असते.

या धंद्यातले सर्वांत परिचित नाव गूगल अ‍ॅडसेन्स. गूगलने ही सेवा जून 2003 मध्ये सुरू केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अप्लाइड सिमँटिक्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी गूगलने विकत घेतली होती आणि अ‍ॅडसेन्स हे नावही तिथूनच आले. त्यापूर्वी गूगलच्या जाहिराती शोधाच्या निकालांशेजारी दिसत. आता त्या कोणाच्याही खासगी पानावर पोचल्या आणि एकट्यादुकट्याने चालवलेल्या स्थळालाही उत्पन्नाचा रस्ता मिळाला. भारतीय भाषांना मात्र बराच काळ ताटकळावे लागले. हिंदीला 2014 च्या अखेरीस प्रवेश मिळाला, मराठीला 2018 मध्ये. तोवर मराठीत कितीही चांगले लिहिले तरी त्या पानावर अ‍ॅडसेन्सची जाहिरात नियमाने लावता येत नसे. कोकणी अजून त्या यादीत नाही. गोव्यात ही उणीव जास्त बोचते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राज्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा राहिली. इथला लिहिणारा माणूस बहुधा दोन्ही भाषांत लिहितो, पण जाहिरातीचे पैसे त्यातल्या एकीलाच मिळतात.

2018 हे साल गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारीतल्या निकालानंतर 16 मार्चपासून गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर चालणाऱ्या घरांची घडी विस्कटली. घरबसल्या इंटरनेटवरून कमाई, हे शब्द अशा घरांना आशा लावतात. म्हणूनच या कमाईचा हिशेब आधी नीट मांडायला हवा.

पानावरच्या जाहिरातीचे उत्पन्न हजार पानदर्शनांमागे मोजतात. समजा, एखाद्या मराठी स्थळाला हजार दर्शनांमागे वीस रुपये सुटतात आणि महिन्याला दहा हजार पाने पाहिली जातात. म्हणजे महिन्याला दोनशे रुपये. अ‍ॅडसेन्स शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर साडेआठ हजार, आणि ते जमायला साडेतीन वर्षे. दरम्यान डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी खिशातून जात राहतात. वीस रुपयांचा दर इथे हिशेबापुरता धरला आहे. प्रत्यक्षात तो बराच खाली-वर होतो, आणि त्या खाली-वर होण्यातच या धंद्याचे सारे मर्म आहे.

पहिले कारण विषय. पेडणे तालुक्यात मोपा इथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. त्या दिवसापासून ‘मोपा’ या शब्दामागे हॉटेले, टॅक्सीवाले, भाड्याने गाड्या देणारे आणि जमीनजुमल्याचे दलाल उभे राहिले. मोपाहून डिचोलीला, साखळीला किंवा दोडामार्गला कसे जायचे, बस कधी, टॅक्सी किती घेते, एवढेच सांगणारे साधे पान असले तरी त्या जागेसाठी बोली लावणारे अनेक असतात. आता त्याच तालुक्यातली पेडण्याची पुनाव घ्या. कोजागिरीच्या रात्री तिथे लोटणारी गर्दी, देवाच्या तरंगांचा मान, अंगात येणारे भार, यावर कोणी वर्षभर खपून, जुन्याजाणत्यांना विचारून पंधरा पानांचा लेख लिहिला, तर तो कितीतरी मोलाचा दस्तऐवज होईल. पण पुनावेला धरून विकण्यासारखे काही कोणाकडे नसते. बोली लावायला कोणी नाही म्हटल्यावर यंत्रणा उरल्यासुरल्या स्वस्त जाहिराती तिथे लावते. डिचोलीचा नव्याचा सोमवार, गावोगावचे धालो, रात्रभर चालणारा दशावतारी काला, सगळ्यांची हीच गत. लेखनाची गुणवत्ता आणि पानाचा भाव यांचा इथे थेट संबंध नाही, हे लिहिणाऱ्याने मनाशी पक्के करून ठेवलेले बरे. नाहीतर थोड्याच महिन्यांत तो पुनावेवर लिहायचे सोडून कर्जाच्या व्याजदरांवर लिहू लागतो. त्याच्याकडून जे वाचायला मिळाले असते ते बुडते, आणि व्याजदर त्याच्यापेक्षा चांगले सांगणारे आधीच पुष्कळ असतात.

दुसरे कारण वाचक कुठे बसला आहे हे. लाटंबार्से परिसरातल्या कासारपालला कालिकेचे जुने देवस्थान आहे आणि तिचे कुळावी गोव्याबाहेरही पसरलेले आहेत. देवळाची माहिती, वाट, राहण्याची सोय, उत्सवाचा दिवस सांगणारे पान डिचोलीत उघडले तर एक भाव, मुंबईत उघडले तर दुसरा, आणि दुबईत किंवा लंडनमध्ये उघडले तर त्याहून वेगळा. श्रीमंत बाजारपेठेतले जाहिरातदार एका क्लिकला जास्त मोजतात, म्हणून परदेशातले शंभर वाचक गावातल्या हजारांपेक्षा जास्त देऊन जाऊ शकतात. गोव्यातून आखाती देशांत आणि इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला, गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. ब्रिटन आणि युरोपातल्या वाचकांसाठी मात्र एक अट आहे. जानेवारी 2024 च्या मध्यापासून तिथल्या वाचकाची संमती गूगलने प्रमाणित केलेल्या पद्धतीने घ्यावी लागते. ती घेतली नाही, तर जास्त पैसे देणाऱ्या याच वाचकांकडून येणारे उत्पन्न घटते.

वाचकाच्या आवडीनिवडीवरून जाहिरात दाखवण्याची पद्धत गूगलने 2009 मध्ये आणली. त्यामुळे देवळाच्या पानावर कधीकधी चपलांची जाहिरात दिसते. तो पानाचा दोष नव्हे. वाचकाने आदल्या दिवशी कुठे चपला पाहिलेल्या असतात.

मराठी स्थळांची आणखी एक अडचण थेट अक्षरांत आहे. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या छापखान्यांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये मजकूर जुळवला गेला. पडद्यावर तो नीट देवनागरी दिसतो, पण आतून ती इंग्रजी कळांची अर्थहीन रांग असते आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. देवस्थानाच्या स्मरणिकेतला लेख तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला, तर वाचायला आलेल्या प्रोग्रामला त्यात ‘कालिका’ही दिसत नाही आणि ‘जत्रा’ही नाही. विषय कळला नाही की जुळणारी जाहिरात नाही, आणि शोधणाऱ्या वाचकाला ते पान सापडतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जत्रेची पत्रिका चित्र म्हणूनच पानावर डकवली तरी फारसे वेगळे होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असायला हवा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या त्यांत हमखास हलतात, म्हणून रूपांतरानंतर माणसाने पुन्हा वाचून मुद्रिते तपासावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे. तरीही मराठी स्थळाला याच्याइतके लाभाचे दुसरे काम क्वचितच असेल, कारण एकदा केलेले रूपांतर कायमचे उपयोगी पडते.

जाहिरातदार देतो त्यातला वाटा किती, हे गूगलने 2010 मध्ये जाहीर केले: मजकुराच्या पानांवर स्थळ चालवणाऱ्याला 68 टक्के. 2024 मध्ये हिशेबाची पद्धत बदलून क्लिकऐवजी जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे देणे सुरू झाले. हाती येणारा वाटा मात्र साधारण तेवढाच राहील असे कंपनीने सांगितले होते. वर्षाच्या चक्रात दसरा-दिवाळीच्या आसपास बोली चढते आणि जानेवारीत उतरते.

खाते उघडायला वय अठरा पूर्ण हवे. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी गूगल टपालाने एक पिन क्रमांक पाठवते. शहरात याचे काही वाटत नाही, पण लाटंबार्सेसारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या गावात पत्त्यात घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि टपालाचा पिनकोड नीट लिहिला नाही तर ते साधे पाकीट वाटेतच राहते. चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात.

नियमभंगांत सर्वांत जास्त घात करणारा प्रकार म्हणजे स्वतः किंवा ओळखीच्यांकडून क्लिक करवून घेणे. वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दुवा टाकून ‘जाहिरातीवर एकदा बोट लावा’ म्हणणे शेजारधर्माचे वाटते, पण यंत्रणेच्या लेखी ती जाहिरातदाराची फसवणूक आहे. एकाच भागातून, थोड्या वेळात, जाहिरात उघडून लगेच बंद केलेले क्लिक सहज ओळखू येतात. जमलेली रक्कम जाहिरातदाराला परत जाते आणि खाते बंद होते. अपील करता येते, पण बंद झालेले खाते पुन्हा चालू होणे कठीण. गटात दुवा जरूर द्यावा, जाहिरातीचा उल्लेख करू नये.

कोणत्या जाहिराती नकोत हे ठरवण्याचा अधिकार मात्र स्थळ चालवणाऱ्याकडे असतो आणि तो फार थोडे जण वापरतात. खात्याच्या मांडणीत संवेदनशील वर्गांची यादी असते. ज्योतिष आणि काळी जादू, झटपट श्रीमंती, वजन घटवण्याची औषधे, राजकारण अशा वर्गांच्या जाहिराती एकेक करून बंद करता येतात. देवस्थानाच्या किंवा शाळेच्या मुलांसाठी चालवलेल्या पानावर हे पहिल्याच दिवशी करावे. उत्पन्न थोडे कमी होईल, पण वशीकरणवाल्याची जाहिरात कालिकेच्या पानावर दिसण्यापेक्षा ते परवडले. मजकुरालाही मर्यादा आहेत. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची भट्टी, मडकी, हुर्राक कसा निघतो, यावर खुशाल लिहावे. त्याच पानावर बाटलीची ऑनलाइन विक्री जोडली तर जाहिराती आटतात.

यंत्रणेच्या लिलावात पुनावेला किंवा चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची बांधतात त्या माटोळीला भाव नाही, याचा अर्थ त्यांना बाजारच नाही असा नव्हे. चतुर्थीच्या आधी डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो. सुपारीची शिपटी, नारळाची पेंड, तोरिंगे, चिबूड, आंबाडे घ्यायला गावोगावचे लोक येतात. त्याच दिवसांत माटोळीवरचे पान सर्वांत जास्त उघडले जाते. तेव्हा मखर, पताका, विजेच्या माळा, फराळाचे जिन्नस विकणाऱ्या दुकानदाराला ते वाचक हवेच असतात, फक्त तो गूगलच्या लिलावात उतरत नाही. त्याच्याकडे थेट जाऊन महिन्याला पाचशे रुपये ठरवले, तर वरच्या हिशेबातल्या दोनशेपेक्षा ते जास्त आहेत, आणि पानाला साजेशी जाहिरात लागते ती वेगळीच. अ‍ॅडसेन्ससोबत अशी स्वतःची जाहिरात लावायला मुभा आहे. तिच्यावर ‘जाहिरात’ असे ठळक लिहावे आणि मजकुराशी तिची सरमिसळ होऊ देऊ नये. छोट्या गावाच्या स्थळाने आपली चांगली जागा अशा जाहिरातींसाठी राखावी आणि उरलेली यंत्रणेला द्यावी. बहुतेक जण नेमके उलट करतात.

शंभर डॉलर पुरे झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान रक्कम निघते. ती परदेशातून येत असल्याने बँकेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो. प्रत्येक शाखेला तो नसतो, तेव्हा बँकेच्या कोणत्या शाखेमार्फत पैसे येतील हे आधी विचारून घ्यावे. रक्कम कशाबद्दल आली हे बँक विचारते, त्यावर जाहिरात सेवेचे उत्पन्न असे सांगायचे. बँकेचे शुल्क कापून उरलेले रुपयांत जमा होते. एवढ्या थोड्या रकमांवर ते शुल्क जाणवते, म्हणून खात्यात पैसे काही काळ रोखून ठेवून दोन-तीन हप्ते एकदम घेण्याची सोय आहे, ती वापरावी. आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवावे लागते, दुकानदाराने रोख दिलेलेही. डोमेन, होस्टिंग आणि इंटरनेटचा खर्च त्यातून वजा करता येतो, त्यासाठी पहिल्या महिन्यापासूनच्या पावत्या जपून ठेवाव्यात.