ग्रामर किती लागतं, बॉस?

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघालात की वाटेत घोडेगाव लागतं. शनी शिंगणापूरला जाणाऱ्यांना ते फाट्यामुळे माहीत असतं, शेतकऱ्यांना कांद्याच्या लिलावामुळे आणि जनावरांच्या बाजारामुळे. आता अशाच एखाद्या गावातून आलेला, हिंजवडीत नोकरी करणारा कलीग डोळ्यांसमोर आणा. एक्सेल त्याचं, रात्र जागून काढलेला रिपोर्ट त्याचा. पण क्लायंट कॉलवर बोलतो दुसराच! अप्रेझलला भाव कुणाचा वधारतो, ते सांगायला नकोच. का रे गप्प बसलास, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अरे, आपलं ग्रामर कच्चं आहे ना यार!’

तर मंडळी, आजचा सवाल हाच. इंग्लिश बोलायला ग्रामर लागतं तरी किती?

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आज तिशीत आहेत. इंग्रजीची वर्षं वाढली, पण कितीतरी वर्गांत फंडा तोच राहिला. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा. मार्क मिळाले, तोंड मात्र उघडलं नाही.

मग दुसरी पार्टी म्हणते, ग्रामर सोडूनच द्या! त्यांच्या बाजूने तगडा पुरावाही आहे. घोडेगाव ज्या तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक आलं १८३६ मध्ये. आधी भाषा, पुस्तक मागाहून. आणि आपण तरी काय करतो? मी चहा घेतला, मी भाकरी घेतली, मी दूध घेतलं. बोलणारा एकच, पण क्रियापद दर वेळी वेगळं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात, हे माहीत नसलं तरी कुणाचं अडत नाही.

पण इथे एक गोची आहे. ही मराठी आपल्या कानावर पाळण्यापासून रोज पडली. इंग्लिशचं तेवढं भाग्य प्रत्येकाला नाही. नोकरी लागल्यावर पुन्हा पाळण्यात झोपायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून थोडं ग्रामर हवं, शॉर्टकट म्हणून. आमच्या हिशेबाने चारच गोष्टी.

पहिली, शब्दांचा क्रम. ‘शेतकऱ्याला व्यापाऱ्याने पैसे दिले’ आणि ‘व्यापाऱ्याने शेतकऱ्याला पैसे दिले’, मराठीत दोन्ही एकच. ‘ने’ आणि ‘ला’ सगळं सांभाळून घेतात. इंग्लिशमध्ये ‘ने’ नाही. तिथे ‘द ट्रेडर पेड द फार्मर’ उलटं केलंत, की पैसे थेट उलट्या दिशेने निघाले! क्रम चुकला तर अर्थच चुकतो.

दुसरी, काळ. झालं, होतंय, होणार, एवढं स्पष्ट कळलं पाहिजे. ‘मी उद्या मेल पाठवतो’ असं आपण बिनधास्त म्हणतो. त्यावरून ‘आय सेंड टुमॉरो’ म्हटलंत तर चालून जाईल, कारण ‘टुमॉरो’ आहे. पण नुसतं ‘आय सेंड’ म्हणालात, तर मेल गेलाय की जायचाय? क्लायंट बिचारा इनबॉक्स बघत बसतो.

तिसरी, प्रश्न आणि नकार. आपल्याकडे शेवटी ‘का’ किंवा ‘नाही’ लावलं की काम झालं. इंग्लिशमध्ये त्यासाठी डू, डज, डिड मध्ये आणावे लागतात. आठवडाभर रोज दहा प्रश्न मोठ्याने विचारा, जीभ वळेल.

चौथी गोष्ट बहुतेक क्लासवाले शेवटी शिकवतात. मराठीत बॉसला ‘तुम्ही’ म्हटलं की निम्मा आदर तिथेच पोचतो. इंग्लिशमध्ये बॉसही ‘यू’ आणि ऑफिस बॉयही ‘यू’. मग आदर दाखवायचा कुठे? तो ‘कुड यू’, ‘वुड यू’मध्ये दडलेला असतो. ‘यू मस्ट सेंड’ हे व्याकरणात शंभर टक्के बरोबर आहे, पण समोरच्याला हुकूम वाटतो.

बाकीचं थांबू शकतं. ‘ही नोज’ऐवजी ‘ही नो’ झालं, ‘द’ राहून गेला, तरी गाडी अडत नाही. त्या ‘स’चं तर इतकं टेन्शन नकोच. वेगवेगळ्या मातृभाषांच्या माणसांना तो उशिराच अंगवळणी पडतो, हे १९७० च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून पुढे आलंय. नियम पाठ असतो, पण बोलण्याच्या वेगात निसटतो. म्हणजे यात तुमच्या गावाचा, शाळेचा किंवा बुद्धीचा दोष नाही.

हां, लिहिताना मात्र ही सूट नाही. बोलताना समोरचा ‘म्हणजे?’ विचारू शकतो, तुमचा चेहरा पाहू शकतो. मेल, बायोडेटा, करार यांना ती सोय नसते. तिथे ‘स’ही हवा आणि ‘द’ही हवा. आणि पाठवण्याआधी एकदा शांतपणे वाचायला वेळही असतो.

तेव्हा पुढच्या कॉलआधी तीनच वाक्यं तयार ठेवा : काय झालं, काय चाललंय, कधी होईल. आणि तुम्ही अस्खलित बोलणाऱ्यांपैकी असाल, तर काम ज्याने केलंय त्याला आधी बोलू द्या. तो ‘ही नो’ म्हणाला, तर मध्येच दुरुस्त करू नका.

रिपोर्ट त्याचा आहे. आवाजही त्याचाच असू दे.