स्वस्त तिकिटाची खरी किंमत

११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेट या अमेरिकन कंपनीचे विमान काही मिनिटांतच फ्लॉरिडाच्या दलदलीत कोसळले. विमानातील सर्वच्या सर्व ११० माणसे प्राणास मुकली. हा दैवाचा घाला नव्हता. विमानाच्या मालकप्प्यात पुठ्ठ्याची पाच खोकी होती आणि त्यांत ऑक्सिजन निर्माण करणारी, मुदत संपलेली रासायनिक नळकांडी होती. कागदावर मात्र ती ‘रिकामी’ असल्याचे लिहिले होते.

असे नळकांडे आणीबाणीच्या वेळी प्रवाशांच्या मुखवट्यांना ऑक्सिजन पुरविते. ते चालू झाले की आतील रासायनिक क्रियेने त्याचे कवच अतिशय तापते. ते अवचित चालू होऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची एक टोपी बसवावी लागते. देखभालीचे काम घेतलेल्या सेबरटेक कंपनीच्या कार्यशाळेत अशा टोप्या उपलब्धच नव्हत्या. तरीही त्या बसविल्याची नोंद कागदोपत्री झाली, तीही सहीनिशी.

सही करणाऱ्या कामगाराकडे बोट दाखविणे सोपे आहे. खोटी सही समर्थनीय नाही, हेही खरे. परंतु ती सही कोणत्या परिस्थितीत झाली? विमान कंपनीने खर्च वाचविण्यासाठी देखभाल ठेकेदाराकडे सोपविली. ठेकेदाराने तात्पुरते कामगार लावले. काम मुदतीत उरकण्याची घाई डोक्यावर बसली. धोकादायक माल कसा ओळखावा, याचे शिक्षण कामगारांना दिलेच गेले नव्हते. पुढे १९९९ मध्ये खटला चालला, तेव्हा ज्यूरीने दोन कर्मचाऱ्यांना निर्दोष सोडले व कंपनीस दोषी ठरविले. २००१ मध्ये अपिलात कंपनीवरील बहुतेक आरोप रद्द झाले. टिकला तो प्रशिक्षण न दिल्याचा आरोप.

शासनाचा दोष याहून मोठा आहे. मालकप्पा हवाबंद असल्याने आग आपोआप विझेल, असा हिशेब होता. येथे मालानेच आगीला ऑक्सिजन पुरविला. १९८८ मध्ये नॅशव्हिलला उतरणाऱ्या एका प्रवासी विमानात न सांगता भरलेल्या रसायनांनी पेट घेतला होता. त्यानंतर अपघात-चौकशी मंडळाने अशा कप्प्यांत धूरसूचक व अग्निशामक यंत्रणा बसविण्याची शिफारस केली. नियामक खात्याने खर्चाचे कारण पुढे करून ती फेटाळली. तो नियम निघाला १९९८ मध्ये, म्हणजे ११० बळी गेल्यावर. विमानधंद्याला उत्तेजन देणे आणि त्यावर देखरेख ठेवणे, ही दोन्ही कामे तोवर एकाच खात्याकडे होती. १९९६ च्या कायद्याने उत्तेजनाचे काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या माल म्हणून नेण्यास बंदी केली. मालवाहू विमानातून मात्र त्या, अटी घालून, नेता येतात. प्रवाशाच्या जिवाला जो धोका अमान्य, तो तेथे राबणाऱ्या वैमानिकाने मात्र पत्करावा, हा कुठला न्याय?

सामान्य माणसाला विमानप्रवास परवडावा, याला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. पण ती स्वस्ताई कामगाराचे शिक्षण, त्याचा वेळ आणि एक क्षुल्लक टोपी यांत काटकसर करून येत असेल, तर तिकिटाची उरलेली किंमत कोणीतरी प्राणांनी चुकविणार आहे. म्हणून यापुढे अपघात घडला की ‘सही कोणी केली?’ एवढ्यावर थांबता कामा नये. त्या कामगारास काम शिकविले होते काय, पुरेसा वेळ दिला होता काय आणि ‘हा माल मी चढविणार नाही’ असे म्हटल्यावर त्याची नोकरी टिकली असती काय, हे प्रश्न मालकाला आणि शासनाला आधी विचारले पाहिजेत. खरे तर ते अपघात घडण्यापूर्वीच विचारले पाहिजेत; आणि ते कामगारांच्या संघटनेखेरीज दुसरे कोणी विचारणार नाही.