लोकलला साखळी आहे, रिअॅक्टरला का नाही?

साप्ताहिक स्तंभ : तिसरी पाळी

राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह संपला, तरी अंबरनाथजवळच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीतल्या गेटांवरचे फलक अजून उतरलेले नाहीत. 4 मार्चला सकाळी एका कंपनीच्या आवारात शपथविधी झाला, तिथे मी होतो. नवी पिवळी हेल्मेटं घातलेले कायम कामगार दोन रांगांत उभे राहून, हात पुढे धरून शपथ म्हणत होते. त्याच वेळी मागच्या बाजूला ठेकेदाराची माणसं ट्रकमधून ड्रम उतरवत होती. शपथेला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हातात मोजे नव्हते, पायात चपला होत्या. मग बाहेरून आलेल्या व्याख्यात्याने नेतृत्वावर तासभर भाषण केलं. दूरदृष्टी, प्रेरणा, संघभावना, सकारात्मक विचार, सगळं त्यात होतं. त्या आवारात चालणाऱ्या कामाबद्दल एक वाक्य नव्हतं. मला त्या तासाचा मनापासून राग आला.

ते गुण खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण जिथे रिअॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी रासायनिक प्रक्रिया चालते, तिथे मालकाच्या आणि मॅनेजरच्या नेतृत्वाची परीक्षा एकाच प्रश्नाने होते. काहीतरी बिघडतंय असं ऑपरेटरला दिसलं, तर कुणालाही न विचारता तो बॅच थांबवू शकतो का? आणि थांबवली, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर ताठ मानेने येता येतं का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे गुण हळूहळू येतील. ‘नाही’ असेल तर कितीही व्याख्यानं ठेवा, उपयोग नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला लांब जायला नको. तो रोज लोकलने जातो-येतो. सकाळच्या गर्दीत विठ्ठलवाडीच्या आसपास सिग्नल लाल दिसला की मोटरमन गाडी थांबवतो. थांबू का, असं तो कुणाला विचारत नाही. ऑटोमॅटिक सिग्नल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मगच बेताच्या वेगाने पुढे सरकायचं, असा नियम आहे. मागच्या गाड्या खोळंबतात, प्रवासी वैतागतात, कुणाचा लेटमार्क लागतो. तरी लाल सिग्नलला का थांबलास, असा मेमो मोटरमनला मिळत नाही. तो मिळतो न थांबल्याबद्दल, आणि तेव्हा नोकरीवर बेततं.

गाडीच्या दुसऱ्या टोकाला गार्ड असतो. जानेवारी 2022 पासून रेल्वेने त्याला ट्रेन मॅनेजर असं पदनाम दिलं. फलाटावरून गाडी सुटायची तर त्याच्या दोन बेल याव्या लागतात. मोटरमन कितीही अनुभवी असला तरी त्या बेल आल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. चढणारी माणसं मागच्याला दिसतात, पुढच्याला दिसत नाहीत, म्हणून सुटण्याचा होकार मागच्याच्या हातात दिलेला आहे.

आणि मग साखळी. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 141 प्रमाणे पुरेसं कारण नसताना ती ओढली तर एक वर्षापर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. डब्यातल्या पाटीवरची शिक्षा सगळे वाचतात. त्यात दडलेला अधिकार कुणी वाचत नाही. पुरेसं कारण असेल तर साखळी कुणीही ओढू शकतो. कॉलेजला निघालेली मुलगी ओढू शकते, टोपली घेऊन चढलेली भाजीवाली ओढू शकते, पहिल्यांदाच मुंबईला निघालेला म्हातारा ओढू शकतो. यांपैकी कुणालाही रेल्वेने प्रशिक्षण दिलेलं नाही. त्या साखळीचा गैरवापरही होतो. पण तेवढ्यावरून रेल्वेने ती काढून टाकलेली नाही. गैरवापराला शिक्षा ठेवली आणि साखळी जागेवर राहू दिली.

आता मोरिवलीत या. एकाच रिअॅक्टरवर पंधरा वर्षं काढलेला ऑपरेटर आहे. डोझिंग, म्हणजे आत थोडाथोडा माल सोडणं, चालू आहे, रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड ब्राइन फिरतंय, तरी तापमान बॅच शीटवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर सरकतंय. त्याला कळतंय की आज काहीतरी वेगळं आहे. तो शिफ्ट इन्चार्जला सांगतो. शिफ्ट इन्चार्ज प्लँट मॅनेजरला फोन लावतो. मॅनेजर घरी झोपलेला असतो. फोन उचललाच तर म्हणतो, अजून पाच मिनिटं बघ. तापमान चढतं तशी प्रक्रियेतून निघणारी उष्णता पटीपटीने वाढते. जॅकेटची ती काढून घेण्याची ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. शेवटची पाच मिनिटं पहिल्या पाच मिनिटांइतकी लांब नसतात. पहिल्यांदा प्रवासाला निघालेल्या म्हाताऱ्यावर आपण जेवढा भरवसा टाकतो, तेवढा या पंधरा वर्षांच्या ऑपरेटरवर टाकत नाही.

रेल्वेचं सगळं छान चाललंय असं कुणी समजू नये. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, त्यांतले काही प्राणाला मुकले. त्या गर्दीची जबाबदारी रेल्वेच्या वरच्या खुर्च्यांवरच आहे. पण सिग्नल, बेल आणि साखळी या तीन गोष्टींत थांबण्याचा निर्णय ज्याला धोका दिसतो त्याच्याकडे आहे, आणि तो घेण्यासाठी त्याला धाडस करावं लागत नाही. लाल म्हणजे थांबायचं, हे आधीच ठरलेलं आहे. माझ्या मते नेतृत्वाचं खरं काम हेच. खालच्या माणसाच्या शौर्यावर विसंबून राहायचं नाही. त्याला शौर्य दाखवण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था आधी लावून ठेवायची.

अशी व्यवस्था नसली की काय होतं, ते या देशाने पाहिलेलं आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री साडेअकराच्या सुमाराला भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. विषारी वायूची गळती आहे हे त्यांनी ओळखलं आणि वर सांगितलं. चहानंतर बघू, असं ठरलं. चहा होईपर्यंत 610 क्रमांकाच्या टाकीतला दाब हाताबाहेर गेला. त्याआधी त्या विभागातली एका पाळीची माणसं 12 वरून 6 वर आणली होती. टाक्यांतलं द्रवरूप रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. रात्रपाळीचं देखभाल पर्यवेक्षकाचं पद काही दिवसांपूर्वीच काढून टाकलं होतं. कामगारांना धोका जाणवला नव्हता असं नाही. जाणवलेल्या माणसाच्या हातात काही नव्हतं.

त्या रात्रीमुळेच 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम 41-एच आलं. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला जीवाला तातडीचा धोका वाटला, तर तो मालकाच्या किंवा मॅनेजरच्या नजरेस आणून देऊ शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. त्यावर ताबडतोब उपाय करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. 2020 च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही इशारा देण्याचा हा अधिकार टिकून आहे. त्याच 1987 च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: कंपनीच्या कारखान्यात ‘ऑक्युपायर’ म्हणून संचालकालाच जबाबदार धरलं. मोरिवलीच्या कुठल्याही गेटमधून आत जा आणि पहिल्या भेटणाऱ्या कामगाराला इशारा देण्याच्या या हक्काबद्दल विचारा. मी विचारत आलो आहे. सप्ताहाच्या फलकांवर शपथ असते, घोषणा असते, हेल्मेटचं चित्र असतं, कामगाराचा हा हक्क मी अजून कुठल्याही फलकावर वाचलेला नाही.

पण हेही बारकाईने वाचा. कायद्याने कामगाराला इशारा देण्याचा हक्क दिला. बॅच थांबवण्याचा अधिकार तो स्पष्ट शब्दांत देत नाही. तो द्यायचा की नाही हे मालकाच्या मनावर आहे, आणि म्हणून मालकाचं नेतृत्व तिथे उघडं पडतं.

ठेका कामगारांवर मागे लिहिलं तेव्हा मोरिवलीतल्या एका शिफ्ट इन्चार्जचा फोन आला होता. तो म्हणाला, “तुमचं पटतं साहेब. पण मी बॅच थांबवली आणि माल खराब झाला, तर ते पैसे कोणाच्या अंगावर पडणार?” हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. आपल्याकडे नुकसानीची बॅच कागदावर कुणाच्या तरी नावाने लागते. ज्याच्या नावाने लागते त्याची वाढ थांबते. दुसऱ्या वेळी तो थांबवत नाही, बघत राहतो. त्यामुळे उत्तर मालकाने द्यायचं आहे आणि लेखी द्यायचं आहे: सद्‌हेतूने थांबवलेल्या बॅचचं नुकसान कंपनीचं.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे, तो मला मान्य आहे. रिअॅक्टर म्हणजे पंखा नव्हे, बटण दाबलं आणि थांबला असं होत नाही. बहुतेक ठिकाणी थांबवणं म्हणजे डोझिंग बंद करणं, कूलिंग पूर्ण उघडणं आणि स्टिरर चालू ठेवणं. घाबरून स्टिररच बंद केला तर आतला न मिसळलेला माल साठत जातो आणि तो पुन्हा सुरू करताना एकदम पेटू शकतो. म्हणून प्रत्येक उत्पादनाचा लाल आकडा, म्हणजे ज्या तापमानाला थांबवायचंच तो, रसायन जाणणाऱ्या माणसाने आधी ठरवला पाहिजे. त्या आकड्याला काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, ते मराठीत आणि हिंदीत रिअॅक्टरशेजारी लावलं पाहिजे. प्रत्येक पाळीत त्याचा सराव झाला पाहिजे. मोटरमनलाही गाडी कशी थांबवायची हे शिकवावंच लागतं. शिकवायला लागतं म्हणून त्याचा ब्रेक काढून घेत नाहीत.

खालच्या माणसावर विश्वास टाकणं ही परदेशी पुस्तकातून आलेली गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी किर्लोस्करवाडी आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, निवडुंग तोडून कारखाना उभा केला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. त्या वस्तीत लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटलेल्या गुन्हेगारांना कामावर घेतलं आणि त्यांतल्या काहींना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. सगळा कारखाना आणि त्यांची स्वतःची बायकामुलं त्या माणसांच्या भरवशावर झोपत होती. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी कारखानदाराने सुटलेल्या कैद्यांच्या हाती रात्र सोपवली, आणि आज आपण आयटीआय झालेल्या ऑपरेटरच्या हाती एक व्हॉल्व्ह सोपवायला कचरतो.

रात्रीवरूनच सांगतो, आणि या स्तंभाच्या वाचकांना हे नवं नाही. मॅनेजरची खरी किंमत तिसऱ्या पाळीत कळते. 12 सप्टेंबर 2024 ला मोरिवलीतून सुटलेली वाफ अंबरनाथच्या रस्त्यांवर धुक्यासारखी पसरली, लोकांचे डोळे जळले, घसे धरले, तेही रात्रीच. डोंबिवलीतले 2016 चे आणि 2024 चे स्फोट भरदिवसा झाले, हे मला कुणीतरी दाखवून देईलच. तरीही माझं मत बदलत नाही. दिवसा निर्णय घेणारी माणसं आवारात असतात, चूक झाली तर ती त्यांची असते. रात्री निर्णय घेणारा घरी असतो आणि धोका सोसणारा प्लँटमध्ये असतो. पहाटे तीनला महिन्यातून एकदा जो मालक न सांगता येऊन लॉगबुक उघडून बसेल, त्याला नेतृत्वाच्या व्याख्यानाला जायची गरज नाही.

आणि हे केवळ कंपनीच्या भिंतीआतलं दुखणं नाही. जून 2024 मध्ये बदलापूरच्या खरवईत स्फोट झाला तेव्हा यंत्राचा जड भाग उडून लांबच्या घरावर पडला आणि घरात असलेली माणसं जखमी झाली. प्रत्येक घटनेचं तांत्रिक कारण वेगळं असतं, ते चौकशी करणाऱ्यांनी सांगावं. माझा पहिला प्रश्न दर वेळी तोच राहील: हे सर्वांत आधी कुणाला जाणवलं होतं, आणि त्याला थांबवायची मुभा होती का?

म्हणून मोरिवलीच्या मालकांकडे एकच मागणी आहे. कंपनीच्या लेटरहेडवर, ऑक्युपायर म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांच्या सहीने, एक पानी आदेश काढा. लाल आकडा गाठला की बॅच थांबवायचा अधिकार रिअॅक्टरवर उभ्या असलेल्या माणसाला आहे. तो कायम असो वा ठेकेदाराचा, अधिकार तोच. त्यासाठी कुणाला फोन लावायची गरज नाही. सद्‌हेतूने थांबवल्याबद्दल त्याला मेमो नाही, पगारकपात नाही, बदली नाही. हा कागद रिअॅक्टरशेजारी लावा आणि त्याची एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवा. याला यंत्र लागत नाही, सल्लागार लागत नाही, सही लागते.

वाचकांपैकी कुणाच्या कंपनीत असा आदेश आज लावलेला असेल, तर त्याची प्रत मला पाठवा. पुढच्या आठवड्यात ती या जागेवर, माझ्या मजकुराऐवजी, जशीच्या तशी छापायला मी तयार आहे.